तुमचं घड्याळ मागे आहे

डॉक्टरकडे आजारांचे किस्से साठतात, वकिलाकडे भावाभावांच्या भांडणांचे, आणि न्हाव्याकडे सगळ्यांचेच! आमच्याकडे घड्याळांचे साठलेत. बरं, आम्ही घड्याळवाले नाही. शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. पण शहापूर म्हणा, मुरबाड म्हणा, या दोन तालुक्यांत कुठेही कॉम्प्युटर रुसला, की दहातल्या पाच वेळा कारण निघतं तेच, त्याचा टाइम चुकलाय. मग एक किस्सा सांगायला बसलो की त्याची शेपूट धरून दुसरा येतो, आणि समोरचा चहा गार होतो.

दुकानात आम्ही तिघं. मालक म्हणजे भाऊ, मूळचे मुरबाडकडचे, पोटाने आणि मनाने दोन्हीकडून मोठे. मी नितीन, शेणव्याचा. मोटरसायकलला बॅग अडकवून गावोगाव फिरायचं काम माझं. आणि तिसरी सायली, आसनगावची. ती फोन घेते, बिलं करते, आणि कुणालाही तोंडावर बोलते. कुणालाही म्हणजे भाऊंनासुद्धा.

घड्याळाची भानगड काय आहे ते एकदाच सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात शर्टाच्या बटनासारखा एक चपटा सेल असतो. मशीन बंद असताना वेळ सांभाळायचं काम त्याचं. आणि मशीन चालू झालं, नेट मिळालं, की ते इंटरनेटवरच्या मोठ्या घड्याळाला अधूनमधून विचारतं, "टाइम काय झाला हो?" उत्तर आलं की आपला काटा जुळवून घेतं. याला आम्ही सिंक म्हणतो. थोडं मागेपुढे असलं तर आपलं आपण सुधारतं. पण सेल मेला आणि मशीन वर्षंच्या वर्षं मागे गेलं, की तेही हात टेकतं. मग नितीनला फोन.

हेच मी एकदा मुरबाडकडच्या एका सरपंचांना समजावत होतो. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"मंग त्या मोठ्या घड्याळाला टाइम कोण सांगतो?"

"त्याच्यापेक्षा मोठं घड्याळ."

"आन् त्याला?"

"त्याच्याही वर एक असतं. ते अणूवर चालतं. चुकतच नाही म्हणतात."

सरपंचांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे आमच्यासारखंच की! सदस्य मला विचारतात, मी तालुक्याला विचारतो, तालुका जिल्ह्याला विचारतो!"

"हो, अगदी तसंच."

"नाय, जरासा फरक हाय," सरपंच म्हणाले. "आमचा जो सगळ्यात वर बसलाय ना, त्याचंच घड्याळ बंद हाय!"

* * *

शेणव्याच्या पुढे एका गावात शाळा आहे. तिथले मुख्याध्यापक अतिशय शिस्तीचे. मुलं त्यांना घाबरायची, शिक्षक घाबरायचे, गावातली कुत्रीसुद्धा शाळेला वळसा घालून जायची. त्यांना ऑनलाइन काही माहिती भरायची होती, मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि कॉम्प्युटर एकही वेबसाइट उघडेना. फोन सायलीने घेतला.

"सर, स्क्रीनवर काय लिहून येतंय?"

"'तुमचे घड्याळ मागे आहे', असं लिहून येतंय."

"मग सर, तेवढं नीट करा. लगेच उघडेल."

"ठीक आहे," म्हणून सरांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा फोन. आवाज चढलेला. "अहो, केलं! तरी तेच म्हणतोय! शासनाचं काम आहे हे, माणूस पाठवा!"

मी गेलो. ऑफिसात पाय ठेवला तर सर खुर्चीत बसलेले आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर एक रिकामा खिळा. खिळ्याखाली रंग न उडालेला गोल डाग. समोर दारावर शिपाई स्टुलावर चढून उभा, आणि त्या भिंतीवरचं घड्याळ त्याने आता इथे नवीन खिळ्याला अडकवलेलं.

सर माझ्यावरच कडाडले. "आजवर मागेच होतं, कधी अडचण नव्हती! आता सूचना आली म्हणून पुढे लावून घेतलं, तरी म्हणतो मागे आहे! आता काय डोक्यावर घेऊन बसू?"

मी मान खाली घालून सेल बदलला, टाइम लावला. हसू कुठे लपवणार? टेबलाखाली डोकं घालून वायरी तपासायचं नाटक केलं. वेबसाइट उघडली, माहिती गेली, सरांचा जीव भांड्यात पडला.

निघताना शिपाई दारात कुजबुजला, "मी सायबांना बोललो हुतो, बाजूच्या भिंतीला लावून बघू. पण आमचं कोण ऐकतंय?"

* * *

वाशिंदच्या बाजूला एक कारखाना आहे. तिथे हजेरीला थंब मारायचं मशीन. अंगठा टेकवला की "थँक यू" म्हणतं आणि वेळ नोंदवतं. त्या मशीनचं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडत होतं. नेटला जोडलेलंच नव्हतं, विचारणार कुणाला? पडता पडता चांगलं पाव तासावर आलं. कारखान्यात कुणाचीही तक्रार नाही! गाडी लेट असो, पोरगं आजारी असो, सगळा कारखाना रोज वेळेवर. मॅनेजर साहेबांना शिस्तीचं बक्षीस मिळायची वेळ आली होती.

एक दिवस वरून तपासायला कुणी आलं, त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि भांडं फुटलं. मला बोलावणं आलं. मी मशीनला नेटवर्कची वायर लावली, सिंक सुरू केलं, खटकन टाइम बरोबर. दुसऱ्या दिवशी अर्धा कारखाना लेट!

काही दिवसांनी दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो, तर गेटवर मला बायकांनी घेरलं. पुढे पॅकिंगमधल्या सुशीला मावशी. कमरेवर हात.

"तूच का रे तो? चांगली मशीन हुती आमची. कशाला बरी केलीस?"

"मावशी, ती मागे होती."

"मागं हुती तर तुझं काय खात हुती?"

"अहो मावशी, पण ती मागे होती म्हणजे संध्याकाळी तुम्हीसुद्धा तेवढाच वेळ जास्त थांबत होतात! सुटायची वेळपण तिच्याच घड्याळाने!"

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशींनी क्षणभर विचार केला. मग माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाळा, असं नाय का करता येत? सकाळी मागं, आन् संध्याकाळी पुढं?"

मी कशीबशी सुटका करून घेतली आणि आत मॅनेजर साहेबांकडे गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं. चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खुर्ची पुढे सरकवली.

"नितीन, टेक्निकली विचारतोय हां. ते मशीन सकाळी जरा पुढे आणि संध्याकाळी जरा मागे, असं सेट होतं का?"

* * *

भाऊंचा एक छोटासा सांगतो, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

भाऊ कधीही वेळेवर पोचत नाहीत. गिऱ्हाइकाचा फोन आला की दुकानात भजी खाता खाता सांगतात, "निघालोय, निघालोय, पुलापर्यंत आलो." एकदा एक पतसंस्थेचे साहेब वाट बघून कंटाळले आणि थेट दुकानात आले. भाऊ समोरच! हातात भजी, कानाला फोन, आणि फोनवर याच साहेबांना सांगतायत, "पुलापर्यंत आलो!"

साहेबांनी भाऊंना नाही, सायलीला विचारलं, "काय हो मॅडम, सगळ्या तालुक्याची घड्याळं तुम्ही नेटला जोडता. यांचं कशाला जोडलंय?"

सायली बिलावरची मान वर न करता म्हणाली, "वहिनींना. तिकडून ओरडा आला की लगेच सिंक होतं."

* * *

आता ग्रामसेवकांचा. गाव सांगत नाही, कारण माणूस चांगला होता. फक्त त्याला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचा नाद होता. गेम शेतीचा! स्क्रीनवर जमीन घ्यायची, नांगरायची, बी टाकायचं आणि पीक यायची वाट बघायची. खिडकीच्या बाहेर खरा भात डोलतोय, लोक चिखलात वाकलेत, आणि हा आत बसून खोट्या भाताला पाणी देतोय.

पण गेममधल्या पिकालाही दिवस लागायचे. मग कुणीतरी त्याला युक्ती सांगितली, कॉम्प्युटरची तारीख पुढे ढकल, पीक लगेच तयार! गड्याने सिंक बंद केलं आणि तारीख थेट एक वर्ष पुढे नेली. भात कापला, पुन्हा पेरला, पुन्हा कापला. वर्षाचा सुकाळ केला पठ्ठ्याने एका दुपारी. आणि तारीख मागे आणायची विसरला.

दुसऱ्या दिवशी गोमा बाबा आले. वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत, डोंगराकडच्या पाड्यावरून. पेन्शन चालू राहायला दरवर्षी आपण जिवंत आहोत असं दाखवावं लागतं, त्यासाठी हयातीचा दाखला हवा होता. ग्रामसेवकाने बटन दाबलं, कागद आला, तारीख आपोआप छापली गेली. सही झाली, गोल शिक्का बसला. बाबा बँकेत गेले. बँकेतल्या बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "बाबा, हे पुढच्या वर्षीचं आहे. चालणार नाही."

बाबा उन्हातून तसेच परत आले. मी तेव्हा तिथेच बसलो होतो, तारखेचा घोटाळा निस्तरायला मलाच बोलावलं होतं. बाबांना बघून ग्रामसेवकाचा चेहरा पडला. म्हाताऱ्या माणसाला दोन खेपा घातल्या, हे त्याला खरंच लागलं. त्याने बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"चुकलं बाबा माझं. आता लगेच दुसरा देतो. तो जुना इकडं द्या, फाडून टाकतो."

बाबांनी कागद छातीशी धरला. "का म्हून?"

"तारीख चुकलीय बाबा त्याच्यावर. पुढल्या वर्षीची पडलीय."

"त्या बाईनं वाचून दाखवलं ना मला. काय लिवलंय? पुढल्या सालीबी मी जिता हाय, असंच ना?"

"हो, पण..."

"मंग त्यात काय चुकलं?" बाबांनी कागदाची नीट घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात सरकवली. "दुसरा तू दे, बँकेसाठी. ह्यो माझ्याजवळ राहू दे. यम आला की दाखवीन. सरकारी शिक्का हाय!"

ग्रामसेवक हसावं की घाबरावं या विचारात. शेवटी त्याने नवा दाखला काढून दिला आणि जुन्याचा विषय सोडून दिला. बाबा त्या वर्षी जगले, पुढच्या वर्षी जगले, आणि अजून आहेत. पाड्यावरची म्हातारी माणसं ग्रामसेवकाला येऊन हळूच विचारतात म्हणे, "गोमाला दिला तसला एक आमाला मिळंल का?"

* * *

मुरबाडकडे एका गावात बबनशेठचं खतांचं दुकान. शेठना सीसीटीव्हीचा भारी शौक. दुकानात कॅमेरा, गोठ्यात कॅमेरा, अंगणात कॅमेरा. सगळे स्वतः ऑनलाइन मागवून स्वतः लावलेले. "तुमचं बिल कोण भरील?" असं मला तोंडावर सांगून लावलेले!

एके दिवशी अंगणातला गावठी कोंबडा गेला. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला माणूस, बगलेत कोंबडा, कुंपणावरून उडी. चाल बघितली तर थेट शेजारचा दामू. पोलीस पाटलांच्या ओट्यावर बैठक बसली. शेठनी मोबाइलवर फोटो दाखवला, वर वेळ छापलेली, सकाळचे साडेअकरा.

दामू शांत. "साडेअकराला मी मुरबाडला तहसीलमधी लायनीत हुतो. तुमी पण हुतात पाटील, माझ्या मागं तीन माणसं सोडून."

पाटलांना आठवलं. खरंच की! शेठचा चेहरा उतरला. कॅमेरा खोटं कसा बोलेल, म्हणून मला बोलावलं. शेवटी बिल आलंच!

मी बघितलं. कॅमेऱ्याचं मशीन नेटला जोडलेलं होतं, सिंकही चालू होतं. पण कुठल्या देशाची वेळ दाखवायची, ते कुणी बदललंच नव्हतं. कारखान्यातून निघालं तसंच, चायनाचा टाइम! आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

"म्हणजे खरी वेळ सकाळी नऊ," मी सांगितलं.

ओट्यावरच्या सगळ्या माना दामूकडे वळल्या. नऊ वाजता तहसील उघडतसुद्धा नाही. दामूने डोकं खाजवलं. मग एकदम उजेड पडल्यासारखा म्हणाला, "पाटील, कॅमेरा चायनाचा टाइम दाखवतो ना? मंग त्याच्यातला मानूसबी चायनाचाच असंल! शेठनी तिकडं कंप्लेंट करावी!"

सगळे हसले. शेठसुद्धा हसले. वातावरण निवळलं, चहा आला. पाटील बशीत चहा ओतता ओतता सहज म्हणाले, "पण काय रे दामू, शेठचा कोंबडा जुना. शिजायला लय वेळ लागला असंल?"

"लागला ना!" दामू म्हणाला. "दोनदा लाकडं घातली, तरी निबरच!"

* * *

भाऊंच्या भाच्याचं लग्न होतं, मुरबाडच्या पुढे. मुहूर्त टळता कामा नये, असं मुलीच्या मामांनी आदल्या दिवसापासून बजावलेलं. नवरा पाटावर, नवरी पाटावर, मध्ये अंतरपाट. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. आणि गुरुजी म्हणाले, "थांबा. अजून वेळ आहे."

मामा उसळले. "वेळ कसली? निघून चालली वेळ! माझ्या मोबाइलात बघा!"

"मोबाइलचं मला सांगू नका. हे घड्याळ माझ्या वडिलांचं आहे. तीस वर्षं यावर लग्नं लावतोय."

"म्हणून तर गावात एवढी भांडणं होतात!"

तेवढ्यात नवऱ्याच्या काकांनी आपला मोबाइल काढला. त्यात तिसरीच वेळ. काकांनी नेटचा टाइम बंद करून हाताने लावला होता, कामाला उशीर होऊ नये म्हणून पुढे. आणि हॉलमधल्या लाल आकड्यांच्या घड्याळात तर कायमचेच बारा वाजलेले. चार घड्याळं, चार मुहूर्त!

भाऊंनी गर्दीतून मला ओढून पुढे काढलं. "हा आमचा नितीन. तालुक्याच्या घड्याळांचा डॉक्टर! हा सांगेल ते फायनल!"

मी सांगितलं, मामांचा मोबाइल नेटवरून टाइम घेतो, तो बरोबर असणार. मुळात तो अणूवरच्या घड्याळाकडून येतो वगैरे वगैरे.

गुरुजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचा अणू पंचांग बघतो का?"

मामा म्हणाले, "आणि तुमचं पंचांग घड्याळ बघतं का?"

झालं! दोन्हीकडचे लोक पुढे सरकले. नवरी वाकून अंतरपाटाखालून बघायला लागली, नवरा तिकडून वाकला, आणि दोघं एकमेकांना बघून हसत बसली. इकडे रुसवाफुगवा रंगायला आलेला. कुणी म्हणालं वऱ्हाड परत न्या, कुणी म्हणालं जेवणं तरी आटपा.

अंतरपाटाचं एक टोक धरून भाऊंचा चुलतभाऊ उभा होता. दिवसभर लाकडं फोडून आलेला आडदांड गडी. त्याचे हात थरथरायला लागले, कपाळावरून घाम निथळला, आणि तो गरजला, "टाइम कुणाचाबी असू द्या, हात माझे हायेत!"

आणि त्याने सोडला अंतरपाट.

अक्षता पडल्या, बँड वाजला, लग्न लागलं. गुरुजींनी मंगलाष्टकं नंतर म्हटली. संसार उत्तम चाललाय.

* * *

आता हा आमच्याच दुकानातला, सायलीचा. सायली अजून दुकानातच आहे, नेटवर्किंगची परीक्षा पास झालीय आणि माझा पगार तिच्यापेक्षा कमी आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सायलीला एक जुळी बहीण आहे, मयुरी. तोंडवळा वेगळा, जिभेची धार सारखी. मयुरी तेव्हा कल्याणला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि सायलीची परीक्षा तोंडावर आलेली. नेमकं तेव्हाच भाऊंनी मुरबाडकडचं एक स्थळ आणलं. मुलगा चांगला, घर चांगलं, भात चांगला. सायलीचे वडील, तात्या, एका पायावर तयार. त्यांच्या घरातली रीत सरळ होती, आधी थोरलीचं, मग धाकटीचं. आणि सायली मयुरीपेक्षा काही मिनिटांनी थोरली, हे अख्ख्या आसनगावाला ठाऊक होतं. दोघींच्या पत्रिका होत्या, त्यात तसंच होतं.

सायली दोन दिवस गप्प. सायली गप्प म्हणजे आमच्या दुकानात लाइट गेल्यासारखं. भाऊंनी तर दोनदा उगाच तिची बाजू घेऊन माझ्यावर ओरडून पाहिलं, तरी ती हसली नाही. एकदाच म्हणाली, "नितीनदादा, परीक्षा झाली की मला विचारा म्हटलं, तर तात्या म्हणतात, स्थळ थांबत नाय." डोळ्यांत पाणी होतं. मी पहिल्यांदाच बघत होतो.

तिसऱ्या दिवशी आली ती वेगळीच. पर्स टेबलावर आपटली.

"भाऊ, रात्री आईला आमच्या जन्माचं विचारलं. दवाखान्यात जन्मल्याबरोबर दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत नेलं होतं. मी अशक्त होते, म्हणून मला काचेच्या पेटीत ठेवलं. माझी वेळ त्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर नोंदवली, मयुरीची इकडच्या."

"मग?" भाऊ वडा खात होते.

"तेव्हा शहापुरात नेट होतं?"

"नेट? तेव्हा फोन लागला तरी आम्ही पेढे वाटायचो!"

"मग त्या दोन कॉम्प्युटरची घड्याळं जुळलेली होती कशावरून? माझ्या खोलीतलं जर थोडं मागे असेल, तर मी थोरली नाहीच! मयुरी थोरली!"

भाऊंचा वडा तोंडापाशीच थांबला. तिचं म्हणणं बरोबर होतं.

बातमी कल्याणला पोचली. मयुरीचा फोन आला, सायलीने स्पीकरवर टाकला. "वा गो बाई! जन्मभर आरतीचं ताट आधी तुझ्या हातात, एसटीत खिडकी तुला, भाऊबीजेचा पहिला पाट तुला! आणि आता लग्नाची वेळ आली तर मी थोरली? मी धाकटी म्हणून वाढले, धाकटीच राहणार!"

दुपारी तात्या दुकानात. "नितीन, काय भरवलंस माझ्या पोरीच्या डोक्यात?"

"तात्या, मी काही बोललोच नाही."

"मंग आता बोल. कुणाचं घड्याळ खरं हुतं, शोधून काढ."

"ते कॉम्प्युटर भंगारात जाऊन जमाना झाला, तात्या. मेलेल्या घड्याळाला टाइम कसा विचारणार?"

तात्या खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. मग भाऊंवर घसरले. पाहुण्यांना रविवारी या म्हणून सांगून झालं होतं. आता नको म्हणायला भाऊंची पत जात होती, आणि या म्हणायला कोणती मुलगी दाखवायची ते ठरत नव्हतं.

रविवार उजाडला. पाहुणे आले. मुलगा बिचारा बरा होता, खाली मान घालून पोहे खात होता. मुलाचे मामा पुढारी. भाऊ मध्ये बसलेले, घामाघूम. मीही होतो, म्हणजे भाऊंनी मला आधाराला नेलं होतं. दोघी मुली ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि समोर बसल्या.

मामांनी घसा साफ केला. "आमचं काम थोरलीशी हाय. थोरली कोणती?"

भाऊंनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी काकूंकडे बघितलं. "तू सांग. तू आई हायेस."

"मला भूल दिलेली होती," काकू म्हणाल्या. "तुम्ही दाराशी होतात ना?"

तात्यांनी छताकडे बघितलं. "मी... चहा प्यायला गेल्तो."

मामांना काही कळेना. त्यांनी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी पोह्यांत डोकं घातलं. शेवटी मामा हसून मुलींकडे वळले. "बरं, मोठी माणसं राहू द्या. पोरींनो, तुमीच सांगा. थोरली कोण?"

दोघींनी एकाच क्षणी हात उचलला, एकमेकींकडे बोट केलं, आणि म्हणाल्या,

"ही!"